उभ्या ट्रकचं तेल का उकळलं?

चाकं फिरतच नव्हती, तर तेल उकळलं कशानं?

ऊर्वीने हे वाहतूक कंपनीच्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "चूक ड्रायव्हरची होती, बाळ." ड्रायव्हर म्हणजे तिचे बाबा, दत्ताराम मोरे. घाटात दरड कोसळली, ट्रकांची रांग चढावर अडकली आणि गिअरबॉक्सचं तेल उकळून बाबांच्या उभ्या ट्रकने पेट घेतला. बाबा परत आले नाहीत.

म्हणून ती चिपळूणच्या गॅरेजात आली. तिथे गिअरबॉक्स दुरुस्त करणारा सांडशी नावाचा यंत्रमानव होता.

"दत्तारामभाऊंची ना तू? त्यांनी मला पाना फेकून मारला होता. त्यांच्या जुन्या गाडीला खटारा म्हणालो म्हणून."

ऊर्वी हसली नाही. "बाबांची चूक नव्हती, एवढं सिद्ध करून दे."

"काय सिद्ध होईल ते आधी ठरवायचं नसतं."

त्याने दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागला.

"टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची फिरवणारी ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणारा डबा) असाच असतो. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. गिअरकडचं चाक इंजिनाच्या चाकापेक्षा थोडं मागे राहतं, ती स्लिप (घसर). घसर जितकी जास्त, तितकी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तेल तापतं."

मग त्याने काचेचा कन्व्हर्टर सुरू केला. "हा बाहेरचा दांडा घट्ट धर. तुझा ट्रक चढावर उभा आहे."

आत तेल भोवऱ्यासारखं फिरू लागलं. तापमानाचा काटा भराभर चढला.

"आता सोड."

दांडा फिरू लागला, वेग वाढला, आणि आत टक् असा आवाज झाला.

"हा लॉकअप. आतली चकती दोन्ही चाकं एकमेकांना जखडते. घसर संपली, तेल निवतं, डिझेलही वाचतं."

"मग बाबांच्या गाडीत ही आतली चाकं जखडली का नाहीत?"

"उभ्या गाडीत जखडली तर इंजिन बंद पडेल. वेग आल्यावरच जखडतात." सांडशीने यंत्र बंद केलं. "जळलेली गाडी मीच उघडली. हँडब्रेक ओढलेला नव्हता. जुने ड्रायव्हर चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलतात. त्याची त्यांना ऐट असते. क्लच जळू लागला की वास येतो आणि माणूस सावध होतो. कंपनीच्या या नव्या गाडीत क्लचचं पेडलच नाही, म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटरवर तोलली असणार. सगळी ताकद तेलात गेली. उकळतं तेल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं."

"म्हणजे चूक बाबांचीच."

"हो. पण चढावर ब्रेक दाबून उभे राहा, एवढं सांगायला कंपनीला कितीसा वेळ लागला असता? उलट चावी देताना कंपनीने त्यांना सांगितलं, क्लच नाही, आता डोकं चालवायचं कामच नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात कंपनीचे तसलेच नवे ट्रक न्यायला ड्रायव्हर आले. साहेब चाव्या वाटायला उभे होते. ऊर्वीने काचेचा कन्व्हर्टर चावी घेतलेल्या एका वयस्क ड्रायव्हरच्या पुढ्यात आणून ठेवला.

"काका, आधी हा दांडा धरा."

"पोरी, तू मला शिकवणार? जन्म गेला घाटात."

"माझ्या बाबांचाही गेला," ऊर्वी म्हणाली. "त्यांचं काय चुकलं, ते दाखवते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरने चावी खिशात टाकली आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. बाकीचे काटा बघायला पुढे सरकले.