मास्तरांचा जादा ब्रेक

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाने विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? मालकावर? त्याला तर सुटका हवी असते. मिस्त्रीवर? त्याचं पोटच बिघाडावर चालतं. माझ्यावर? मी तर विकायलाच बसलोय. बसा, बसा. लाइट येईल अर्ध्या तासात, तोवर हा दिवा आहे आणि चहा आहे. महिन्यातून तीनचारदा चालवायची, खिशाला परवडणारी, रस्त्यात दगा न देणारी गाडी हवी, असंच म्हणालात ना?

मग मीटर बघू नका, पेडलचं रबर बघा. मीटर मागे फिरवता येतं. रबर झिजलेलं आणि मीटर कोवळं, तर चहा पिऊन घरी जायचं. आणि रबर कोरं करकरीत असेल, तर चहासुद्धा न पिता जायचं. माझं शाळेतलं शिक्षण चौथीपर्यंत, बाकीचं सगळं बॉनेटखाली झालं. ही रबराची विद्या मला कुणी शिकवली नाही. रबरं बदलणारा मीच होतो.

मघाशी आवारात जी राखाडी गाडी तुम्ही दोन चकरा चालवून बघितलीत, तिचीही मीच बदलली होती. सात वर्षं झाली.

ती गाडी एका ड्रायव्हिंग मास्तरांची. मास्तर गेले आणि त्यांच्या मुलीने ती माझ्याकडे आणली. आता, शिकवणीच्या गाडीला बाजारात कुत्रं विचारत नाही. प्रत्येक नवशिक्याने तिचा क्लच रडवलेला असतो. पण मास्तरांनी इंजिन पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं आणि मला ती पडत्या भावात मिळत होती. मी शेजारच्या सीटपुढचा मास्तरांचा जादा ब्रेक काढला, भोक बुजवलं, वर नवा गालिचा अंथरला. टपावरच्या पाटीचे डाग घासले. पुढच्या कप्प्यात लवंगांची डबी होती, ती फेकली. मास्तर सारखी लवंग चघळायचे म्हणे, शिकणाऱ्याला तोंडाचा वास नको म्हणून. मग काचेवर चिठ्ठी लावली: एका मालकाची, घरगुती वापर. पहिलं खरंच होतं. मालक एकच होता, पाय मात्र चारशे.

आमची ही समोर बसून पावत्या लावत होती. म्हणाली, "झाकलं म्हणजे गेलं असं नसतं हो."

मी म्हटलं, धंद्यात तू पडू नकोस. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा तेव्हा पडलो मीच.

गाडीबरोबर मुलीने एक वही दिली होती, गाडीतच राहू द्या म्हणाली. जाड पुठ्ठ्याची, निळ्या शाईने भरलेली. दर शिकणाऱ्याला एक पान. नाव नाही, नुसतं 'दातांचे डॉक्टर', 'दूधवाला', 'पोस्टातल्या बाई'. खाली तारखा आणि तारखेपुढे रेघा. मास्तरांना स्वतःचा ब्रेक जितक्या वेळा दाबावा लागला, तितक्या रेघा. बारा, नऊ, दहा, सहा... ज्या दिवशी एकही रेघ नाही त्या दिवशी शून्य, आणि त्याखाली एकच शब्द: सोडलं. म्हणजे आता हा माणूस एकटा जाऊ शकतो. ही वही गाडीत राहिली तर माझी चिठ्ठी खोटी पडली असती. मी ती या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली.

आठवड्यातच टेलरबाई आल्या. चौकातल्या शिवणाच्या दुकानाच्या मालकीण, पंचावन्नच्या पुढच्या, बोलणं कात्रीसारखं. त्यांची थोरली बहीण डोंगरापलीकडे एकटी राहायची. दर रविवारी बाई बसने तिच्याकडे जायच्या आणि ती बसच बंद झाली. लायसन्स अकरा वर्षांचं होतं, पण चालवायचा धीर नव्हता. मुलगा फोनवर म्हणायचा, आई, या वयात कसली गाडी, दुकान विक आणि इकडे ये. शेवटी बाईंनी कबूल केलं होतं की एकदा डोंगर चढून बघते. नाही जमलं तर दुकान विकते आणि येते.

"तेव्हा शेठ," बयाणा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "आज गाडीची नाही, माझी ट्रायल आहे. तुम्ही शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा."

चार वाजता निघालो. गावाबाहेर ऊन होतं. पण चढ लागला आणि वरून धुकं उतरलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग झाडं गेली, मग रस्त्याची कडच गेली. हेडलाइटचा उजेड पुढे जाईना, दुधात चमचा बुडावा तसा तिथल्या तिथे बुडाला. इंजिनाची घरघर आणि बाईंचा श्वास, बाकी आवाज नाही.

पहिल्या वळणावर बाई जरा वेगात गेल्या आणि गाडीला हलकासा ब्रेक लागला. अगदी बेताचा, सवयीच्या पायाचा.

"शेठ, दाबू नका. मला जमेल," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, स्वतःच दाबून माझ्यावर ढकलतायत. दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्यावर दोनदा. आणि त्यातल्या दुसऱ्या वेळी माझ्या उजव्या बुटाखालचा गालिचा खाली गेला... आणि सावकाश वर आला. जिथे मी भोक बुजवलं होतं, तिथेच.

गाडीत लवंगेचा वास यायला लागला.

काचा बंद होत्या. बाईंना सांगणार काय? 'बाई, मी तुम्हाला खोटं विकतोय आणि ते आता माझ्या पायाखाली हलतंय'? मी गुपचूप दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घालून बसलो. हे पोट घेऊन. खाली गालिचा आपला दबत होता, उठत होता. माझ्या कानामागे कुणीतरी धीराने श्वास घेतल्यासारखं... शिकवणारा माणूस घेतो तसा.

गंमत म्हणजे बाई सुधारत होत्या. वळणाआधी स्वतःच गिअर उतरवायला लागल्या. दाबणं कमी होत गेलं. एक वळण कोरं गेलं, मग दुसरं.

आणि मग एकदम गाडी जागीच रुतली. जोराचा ब्रेक, इंजिन बंद, माझं डोकं डॅशबोर्डला.

"आता काय झालं..." बाई कुजबुजल्या. पुढे काही दिसत नव्हतं. मग धुकं जरासं सरकलं. समोर एक ट्रक उभा होता, दिवे नाहीत, माणूस नाही. मागच्या फळीबाहेर लोखंडी सळया आलेल्या. त्यांची टोकं आमच्या काचेपासून वीतभर. माझ्या बाजूची सळई बरोबर माझ्या गळ्यासमोर.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "शेठ, बरं झालं तुम्ही दाब..." आणि त्यांची नजर माझ्या मांडीवर आली.

"तुम्ही मांडी घालून बसलाय?"

"हो."

"मग ब्रेक... कुणी दाबला?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. शिकवणीची गाडी, काढलेला ब्रेक, घासलेली पाटी, फेकलेली डबी, कुलपातली वही. बोलताना माझा आवाज बिन पाण्याच्या नळासारखा येत होता. म्हटलं, बाई, चालत परत जाऊ, गाडी इथेच राहू दे, दुकानात गेल्यावर तुमचा बयाणा परत देतो.

टेलरबाई सळयांकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"म्हणजे गाडीबरोबर मास्तर फुकट," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला परत पाठवताय? धंदा कळतो की नाही तुम्हाला?" त्यांनी गाडी चालू केली, मागे घेतली, ट्रकला वळसा घातला. मग मागच्या रिकाम्या सीटकडे न बघता, मान तुकवून म्हणाल्या, "चला मास्तर."

बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा ती म्हातारी बाहेर ओट्यावर उभी. गाडीतून उतरणारी धाकटी बघून तिने पदराने तोंड झाकलं आणि मग दोघी एकमेकींना धरून अशा हसत सुटल्या, की मला चहा विचारायला अर्धा तास लागला. परत येताना धुकं तेवढंच, वर काळोख. गालिचा एकदाही हलला नाही. मी मांडी मात्र सोडली नाही.

दुकानात येऊन खणाचं कुलूप उघडलं. किल्ली दिवसभर माझ्या कमरेला होती. वहीत नवं पान होतं: 'टेलरबाई'. त्या दिवसाची तारीख. जाताना, अकरा रेघा. येताना, शून्य. खाली निळ्या शाईत: सोडलं. शाई बोटाला लागली. आमच्या हिने पान वाचलं आणि मला काही बोलली नाही, ही त्या दिवसातली दुसरी अद्भुत गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी लवंगांची नवी डबी आणून वहीबरोबर गाडीच्या कप्प्यात ठेवली आणि त्यानंतर या आवारात कुठल्याही गाडीचं रबर बदललं नाही. गिऱ्हाईक दुप्पट झालं. खोट्याला जाहिरात लागते, खऱ्याला नुसती कुजबुज पुरते.

टेलरबाईंनी सात वर्षं गाडी वापरली. एकदाही बंद पडली नाही. गेल्या महिन्यात परत आणून दिली, कारण आता बहीण, दोन मैत्रिणी आणि शिवणाचं मशीन एवढं त्यात मावत नाही. मोठी घेतलीय, मुलाला मागे बसवून फिरवतात.

तर ही गाडी अशी. भाव मी सांगितला तोच, इंजिन ठणठणीत, शिकवणीची आहे हे पावतीवर लिहून देतो. मघाशी शेजारी मी मांडी घालून बसलो तेव्हा तुम्हाला हसू आलं. आता कळलं ना का ते? दिवा जरा इकडे सरकवा. ही वही. हे तुमचं पान, मी उघडलं तेव्हा भरलेलंच होतं. पाच रेघा आहेत. आपण दोघं होतो तेव्हा मी चार मोजल्या. पाचवी तुम्ही एकटे फाटकापर्यंत गेलात तेव्हाची असणार. तिथे काय झालं ते मला सांगू नका.

वही गाडीतच ठेवायची. यापुढच्या रेघा तुम्ही ओढायच्या. एक विनंती, हात जोडून: एखादी कमी ओढावीशी वाटेल, ओढू नका. हिशोब खरा ठेवा. 'सोडलं' लिहिल्यावरही टेलरबाईंना डोंगरात कधीमधी एखादी रेघ पडायची, त्यातली एक त्यांनी एकदाच गाळली होती. सकाळी ती पानावर होती, आणि शेजारी लवंगेचं एक फूल, अर्धं चावलेलं.