मिल्का आत जाते

"हे पुस्तक बदलून द्या," मी म्हणाले. "याचा शेवट चुकलाय."

गल्ल्यामागचा तरुण काकडीचे काप घातलेला पाव खात होता. त्यानं आधी घास गिळला, चष्मा वर सरकवला आणि पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. पानं सगळी जागेवर होती, छपाईही स्वच्छ होती.

"म्हणजे... आवडला नाही का?"

"आवडण्याचा प्रश्नच नाही. मिल्का आत जाते. यात ती बाहेर उभी आहे."

हे ऐकताच त्याचे कान लालबुंद झाले. मला वाटलं, बिचारा लाजाळू असेल. ब्रनो शहरातली दुकानदार मंडळी एरवी इतकी लाजत नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

'कंदील टोळी'चे एकूण सात भाग. चार मुलं, एक जुनी गिरणी, तिच्या पोटातली भुयारं आणि त्याहून खाली एक नदी, जिचं पाणी उलटं वाहतं. आमच्या लहानपणी ही पुस्तकं दुकानात मिळायची नाहीत. चार पोरं एकत्र येऊन गुपितं ठेवतात, हेच वरच्या लोकांना पसंत नव्हतं. मग कुणीतरी कुठंतरी युद्धाआधीची प्रत समोर ठेवून, कार्बनचे कागद घालून ती टाइप करायचं. बेकरीच्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा घरी यायचा, तीन दिवस राहायचा आणि पुढच्या घरी जायचा. कुठून आला हे विचारायचं नाही, असा नियम होता.

सातवा भाग आमच्या गावी, ब्लान्स्कोला आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. टोळीत मिल्का एकटीच मुलगी. सहा भाग ती बाहेर कंदील धरून उभी असते आणि पराक्रम पोरं करतात. सातव्यात मात्र फट इतकी चिंचोळी निघते की एकाही पोराला आत शिरायचा धीर होईना. मग मिल्का कोट काढते आणि आत शिरते. तीन दिवसांत मी ते चार वेळा वाचलं. चौदाव्या वर्षी आमच्या गावच्या गुहावाल्यांच्या मंडळात नाव घातलं, आणि आता तेविसाव्या वर्षी लोकांना गुहा दाखवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

राजवट बदलून दीड वर्ष झालं होतं. सातही भाग नव्यानं छापून आले होते. मी मोठ्या हौसेनं सातवा घेतला, थेट शेवट उघडला... तर पोरं आत जातात, मिल्का बाहेर कंदील धरून उभी, आणि दोन पानं भरून तिच्या धीराचं कौतुक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या मागोमाग मी इतकी वर्षं बिळांतून सरपटले, ती मुलगी मुळात नव्हतीच की काय? मला माझी मिल्का परत हवी होती, बस्स.

ती होती याचा पुरावाही माझ्या पिशवीत होता. तो मात्र मी त्याला दाखवला नाही. अकराव्या वर्षी मी एक चोरी केली होती. गठ्ठा पुढच्या घरी देताना शेवटचं पान काढून घेतलं होतं. एकच पान. ते अजून एका पत्र्याच्या डबीत आहे.

"एखादी जुनी आवृत्ती असेल," तो काउंटरकडे बघत म्हणाला. "शोधतो. शनिवारी येता का?"

त्याचं नाव हिनेक. दुकान त्याच्या ओतिला आत्याचं होतं. शनिवारी सातवा भाग नव्हताच, पण त्यानं पहिल्या भागाची जुनी प्रत काढून ठेवली होती, मागे छोट्या अक्षरांत जाहिराती असलेली. आम्ही ती भाजीबाजारातल्या कारंज्यापाशी बसून वाचली. पुढच्या शनिवारी दुसरा भाग, मग तिसरा.

लहानपणची पुस्तकं मोठेपणी वाचणं म्हणजे आपल्या जुन्या शाळेतल्या बाकावर बसून बघणं. गुडघे मावत नाहीत, पण उठवतही नाही. ज्या एकडोळ्या गिरणीवाल्याला मी पांघरुणातसुद्धा घाबरायचे, तो चाळिशीतला, सर्दीनं बेजार झालेला माणूस निघाला. ज्या भुयारातून आम्ही महिनाभर चाललो असं दोघांनाही पक्कं आठवत होतं, ते साडेतीन पानांत संपलं. आणि टोळी दर तिसऱ्या पानावर आलुबुखाऱ्याचे गोड बन खाते. लहानपणी वाचताना सारखी भूक का लागायची ते आत्ता कळलं. मी गिरणीवाल्याचा आवाज काढला की हिनेक इतका हसायचा की समोरची मुळेवाली बाई मान वळवून बघायची. ब्रनोच्या जुन्या रिवाजानं बाराचे टोले तासभर आधीच पडतात; अकरा वाजता टेकडीवरच्या देवळात ते पडले की आम्ही पुस्तक मिटायचो. मला निघावंसं वाटायचं नाही... आणि त्यालाही वाटत नसावं, कारण मिटण्याआधी तो नेमकं रहस्याचं पान उघडायचा.

तिसऱ्या शनिवारी मी म्हणाले, "हे 'तुम्ही तुम्ही' पुरे झालं. मी इवोना." आमच्याकडे हे बाईनं म्हणायचं असतं, आणि तो कधीची वाट बघत होता हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलंच.

तो माझ्या शेवटाबद्दल मात्र पुन्हा पुन्हा विचारायचा.

"आत शिरल्यावर ती घाबरते का गं?"

"घाबरते तर. पण मोजत जाते. एक कोपर, दुसरं कोपर..."

"हो... कोपर," तो हळूच म्हणाला, जणू बरेच दिवस हरवलेली किल्ली सापडली असावी.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. प्रेमात पडलेल्या बाईला पुरावे दिसत नाहीत. तिला त्या माणसाच्या चष्म्यावरचे ठसे दिसतात, ते पुसून द्यावेसे वाटतात.

सातव्या शनिवारी त्यानं माझ्यापुढे एक पुडकं ठेवलं. बेकरीच्या कागदात गुंडाळलेलं. कागदावर टाइप केलेली चिठ्ठी होती, माझ्या नावाची. आमच्या लिपीत काही अक्षरांच्या डोक्यावर टोपीसारखी खूण असते; त्या चिठ्ठीत एका अक्षरावरची टोपी ओळ सोडून वर उडाली होती. माझ्या पानावरही ती तशीच, प्रत्येक वेळी, वर उडालेली. बारा वर्षं मी ती पाहत आले होते.

आत पंधरा पानं होती. कागद पांढराशुभ्र, शाई ताजी.

"आठवून आठवून पुन्हा टाइप केलंय, शेवटचं पान मात्र नाही," हिनेक म्हणाला. "काय लिहिलं होतं ते आठवेना. आणि मूळ पान तेव्हाच कुणीतरी लांबवलं. पुढच्या आठ घरांनी टाइप करणाऱ्याला नावं ठेवली, शेवटचं पान विसरला म्हणून."

मी डबी उघडली आणि पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू होतीस होय?"

"आणि तू लिहिलंस?"

त्यानं सगळं सांगितलं. सगळे भाग आत्या टाइप करायची. सातव्याच्या वेळी तिचा हात प्लास्टरमध्ये होता आणि उसन्या आणलेल्या प्रतीची शेवटची सोळा पानं फाटलेली. लोक वाट बघत होते. हिनेक तेरा वर्षांचा. त्यानं मशीन पुढं ओढलं आणि शेवट रचला. आत्यालाही सांगितलं नाही.

"पण मिल्काच का?"

"वर्गातली पोरं कुठंही शिरायची ना, तळघरात, पडक्या घरात... मला बाहेर बसवायची, कोट सांभाळायला. जाडा होतो, चष्मा होता. सहा भाग ती बाहेर उभी होती. मला... तिची दया यायची."

तिथंच मला विरघळायला हवं होतं. पण मी चिडले. सात शनिवार हा माणूस माझ्याकडून माझीच मिल्का ऐकून घेत होता, जुनी आवृत्ती शोधतोय असं सांगून.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी पुन्हा 'तुम्ही'वर आले.

त्याला ते लागलं. "सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता," तो म्हणाला.

मी सोळाही पानं उचलली आणि निघाले. एका तेरा वर्षांच्या पोराच्या थापेवर विश्वास ठेवून मी आयुष्य बिळांत घातलं होतं, आणि तो पोरगा आता पंचविसाचा होऊनही थापाच मारत होता.

ब्लान्स्कोच्या गाडीत पानं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं. अदामोव्ह स्टेशन गेलं आणि मी वाचायला लागले. कोपरं होती, सगळं होतं. फक्त एक गोष्ट मी पार विसरले होते. आत शिरण्याआधी मिल्का सगळ्यांना कोट काढायला लावते. चार कोट झुडपावर टांगते. एक पोरगा विचारतो, यांच्याजवळ कोण थांबणार? ती म्हणते, कुणी नाही. पहिल्यांदाच कुणी नाही.

मी गाडीत रडले. समोरच्या आजोबांनी खिडकी बंद केली, मला वारा लागत असेल म्हणून. ज्यानं हे लिहिलं तो खोटं बोलत नव्हता. मिल्का होती. ती कोट घेऊन बाहेर बसलेला एक पोरगा होती, आणि तो स्वतः मात्र अजून आत गेलाच नव्हता.

सोमवारी दुकानात फोन केला. शनिवारी जुने कपडे घालून या, एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

तो आला, आत्याच्या बागकामाच्या पँटमध्ये. आमच्या गुहेत बाहेरून शिरायची एक फट आहे, मंडळातले लोक तिला मांजरवाट म्हणतात. आठ मीटर पोटावर, मग एकदम मोकळं. मी त्याला हेल्मेट दिलं. त्यानं फट पाहिली आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"मी बाहेर थांबतो ना," तो म्हणाला. "कोट बघतो."

मी त्याचा कोट काढून घेतला, माझाही काढला, दोन्ही तोंडाशी झुडपावर टांगले आणि आत शिरले. पलीकडे पोचल्यावर दिवा वर धरला आणि हाक मारली. पानावरची शेवटची ओळच, फक्त टोळीसाठीच्या 'या'चं एकट्यासाठी 'ये' केलं.

"ये. जागा आहे."

मग खरवडल्याचा आवाज, आणि बारीक, घाबरलेल्या स्वरात मोजणी. एक कोपर... दुसरं कोपर... शिव्याही होत्या मधूनमधून, त्या पुस्तकात नव्हत्या. अखेर हेल्मेट दिसलं, मग चिखलानं माखलेला चष्मा. मी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं. तो छताकडे बघत राहिला, वरून लोंबणाऱ्या पांढऱ्या दगडांकडे, खालच्या काळ्या पाण्याकडे.

"मी हे एवढं मोठं लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"चष्मा दे इकडे."

मी तो माझ्या सदऱ्याला पुसला. दिव्याच्या उजेडात चष्म्याविना त्याचे डोळे तेरा वर्षांच्या मुलासारखे दिसत होते.

"इवोना... मला तू फार आवडतेस. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, दोन्ही गोष्टी."

"ही दुसरी कळली होती," मी म्हणाले आणि चष्मा त्याच्या नाकावर चढवला. मग तो मध्ये यायला लागला, म्हणून पुन्हा काढला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. झुडपावरचे दोन्ही कोट पार निथळत होते. हिनेकनं आपला कोट पिळला, ओलाच अंगात चढवला, आणि कॉलरमधून पाणी मानेवर ओघळत असताना स्टेशनपर्यंत हसत राहिला.