वाफेपलीकडची हिरवळ

"चेंडू शोधताय की हिरे?"

काळ्या खडकांत वाकलेली ती दचकून सरळ झाली. समोर तो उभा होता. केस वाऱ्याने विस्कटलेले, डोळ्यांत मिस्कील हसू.

"हिरे असते तर तुम्हाला सांगितलं असतं का?"

तो शाळेत गणित शिकवायचा. सुट्टीत एकटाच फिरायला आला होता, म्हणून गोल्फ क्लबने त्याला या बापलेकीबरोबर खेळायला जोडून दिलं होतं. ती दातांची डॉक्टर. बाबा मागे मैदानावरच्या छोट्या उघड्या गाडीत बसलेले, पायांवर घोंगडी. गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. निजलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी पसरलेल्या या मैदानावर खेळायचं स्वप्न त्यांचं होतं. आता लेक खेळत होती आणि ते पाहत होते.

पुढे मोठी दरी आली. तळाशी थिजलेला लाव्हा, भेगांतून वर येणारी कोमट वाफ... आणि पलीकडे इवलीशी हिरवळ. तिचा चेंडू कसाबसा पलीकडे पडला.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

त्याने काठी उचलली, गाडीकडे पाहिलं, आणि सरळ बाबांपुढे धरली. "काका, माझा फटका तुम्ही मारता?"

"अहो, काय चाललंय तुमचं?" ती भडकली. "पडले म्हणजे? त्यांना जमणार नाही!"

बाबांचा चेहरा उतरला. "जमणार नाही ते मलाही कळतं गं," ते हळूच म्हणाले. "पण तू तर मला विचारायचंच सोडून दिलंस."

वर्षभर ती त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होती... तिने घोंगडी बाजूला केली आणि हात पुढे केला. दुसऱ्या बाजूने त्याने आधार दिला.

बाबांनी काठी फिरवली. चेंडू जेमतेम उडाला, टणटण करत दरीत गेला आणि वाफेत दिसेनासा झाला. मग बाबा खो-खो हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अजून एक द्या!"

शेवटच्या हिरवळीवर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाबा गाडीत दमून डुलक्या घेत होते.

"मघाशी ओरडले तुमच्यावर..." ती म्हणाली.

"चूक माझीच. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." तो थांबला. "माझे वडील असेच होते. मीही त्यांना फार जपलं. नको तेवढं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी डोळ्यांत मिस्कीलपणा नव्हता.

"उद्या कुठे?"

"उद्या निघतोय. सकाळचं विमान आहे."

"अच्छा..." ती काठीने उगाच गवत कुरवाळत राहिली. "बाबा उद्या विचारतील तुम्हाला."

"फक्त बाबा?"

वाऱ्याने तिच्या बटा चेहऱ्यावर आणल्या. तिने त्या मागे सारल्या नाहीत.

"थांबा ना," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, अगदी हळू — "थांबशील?"

तो पाहतच राहिला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिलाही आत्ता कळलं. गाल तापले, पण तिने नजर वळवली नाही.

"थांबतो," तो म्हणाला. "तू म्हणशील तेवढे दिवस."