बंद गेटासमोर न्यूट्रल

रविवारी सकाळी बुद्धरत्ननं गाडीखाली जुनी सतरंजी अंथरली, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारीपाजारी येऊन उभे राहिले. गिअरचं तेल कुणी घरी बदलतं का, असं त्यांचं म्हणणं. बुद्धरत्न हसला. "चाकणच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्याचंच काम तपासत असतो राव. एखादं आपणही करून बघावं."

चऱ्होलीतली ही इमारत नवी होती, गाडी मात्र दुसऱ्याच्या हातची. ऑटोमॅटिकच हवी होती, कारण कंपनीत डाय, म्हणजे जड लोखंडी साचा, अंगावर घसरून त्याचा डावा गुडघा गेला होता आणि क्लच दाबणं जमत नव्हतं. गाडीवाचून तर चालणारच नव्हतं. त्याची आई, सोजरबाई, हिला दिवसाआड डायलिसिससाठी पिंपरीला न्यावं लागे. रिक्षाच्या धक्क्यांनी ती परत येईपर्यंत अर्धमेली होई.

त्यानं सगळं निगुतीनं केलं. जुनं काळं तेल निघालं ते मोजलं, फिल्टर आणि गॅस्केट बदललं, मापानं नवं लालभडक तेल भरलं. मग इंजिन गरम होऊ दिलं, गिअरची दांडी सगळ्या खुणांवरून फिरवून आणली आणि पट्टी घालून पातळी पाहिली. पातळी बरोबर होती. बायको मिनल चहा घेऊन खाली आली आणि त्याचे बरबटलेले हात पाहून म्हणाली, "अहो, साबणानं नाही निघायचं हे. रॉकेल शोधते."

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन निघाला. मोशी मागं पडली, गाडी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला लागली. तिथं एक कंपनी, जिथं बहुतेक बायाच कामाला असत, कधीची बंद पडलेली आहे. पाटीवरची अक्षरं उडालीत, गेटाला साखळी आहे, गेटाबाहेर पत्र्याचा बसथांबा आणि त्याच्या बाकावर वाढलेलं गवत. थांब्यासमोर येताच गाडीनं ओढ सोडली. इंजिन नुसतं घोंगावू लागलं. दांडी डी वर, म्हणजे ड्राइव्हला होती, पण गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळत कडेला आली आणि उभी राहिली.

बुद्धरत्न खाली उतरला. गळती नव्हती, जळका वास नव्हता. परत बसून त्यानं हलकेच ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी सुरळीत निघाली.

तेल थोडं कमी पडलं असणार, असं त्यानं ठरवलं. घरी येऊन पुन्हा पातळी पाहिली, किंचित भर घातली. पण पुढच्या खेपेला गाडी त्याच थांब्यासमोर गळाठली.

मोशीतला पिंटू त्याचा शाळेतला दोस्त. घरची शेती प्लॉटिंगमध्ये गेल्यावर त्यानं हायवेला गॅरेज टाकलं होतं. त्यानं स्कॅनर लावला, गाडी लिफ्टवर चढवली, स्वतः चालवत त्या बंद कंपनीपर्यंत नेऊन आणली.

"काय बी न्हाई भावा. लोण्यावानी चालतीया."

"माझ्या हातातच कशी अडते मग?"

"तू एकटा जाऊन बघ की."

तो एकटा गेला. गाडी थांबली नाही. वजनानं फरक पडत असेल म्हणून मिनलला मागं बसवलं, तिच्या शेजारी पाण्याचे भरलेले जार ठेवले आणि तीच वेळ साधून तोच रस्ता धरला. थांबा मागं पडला, गाडीला काही कळलंही नाही. मिनल जार सावरत म्हणाली, "आता राहिल्या फक्त आई."

तिनं ते सहज म्हटलं होतं. 

पुढच्या खेपेला बुद्धरत्नचं लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त होतं. सोजरबाई नेहमीसारखी मागं डाव्या खिडकीशी बसली होती. तिकडून चढायला तिला सोपं जाई. बंद कंपनीची भिंत दिसू लागली तशी तिनं पदर आवरला, पिशवी मांडीवर घेतली आणि हातांवर जोर देत उजवीकडं सरकली.

गाडीनं ओढ सोडली.

दार उघडलं नाही. फक्त गाडीचा मागचा डावा कोपरा खाली दबला, एखादं हडकुळं माणूस बेतानं टेकावं तसा. मग खालून गिअर धरल्याचा हलका धक्का आला. बुद्धरत्ननं ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी आपसूक पुढं सरकू लागली.

"आई, तू सरकलीस का?"

"मग? तिला जागा नको व्हय?"

"कुणाला?"

"मला काय म्हाईत. नाव न्हाई इचारलं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "गप बसती बिचारी. माझा हात धरती. सुई टोचत्यात तवाबी सोडत न्हाई."

हॉस्पिटलात उतरवताना त्यानं आईचे दोन्ही हात हातात घेतले. उजवा उबदार होता. डावा गारठलेला. त्याच हातावर डायलिसिससाठी शीर जोडली होती, आणि अशा हाताला गारवा येऊ शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बुद्धरत्ननं ते वाक्य मनाशी घट्ट धरलं.

तरी त्याला भीती वाटायची ती वाटलीच. बसणारी कोण आणि तिला काय हवंय? आजारी माणसाचा हात कुणी फुकट धरत नाही, असं त्याला रात्रंदिवस वाटू लागलं. मिनलला त्यानं सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "पूर्वी आई जायच्या दिवशी रडायच्या. 'मला नका नेऊ,' म्हणायच्या. आता सकाळी उठून वेणी घालून बसतात. तुमच्या लक्षात आलंय का?"

आलं होतं. म्हणून तर तो जास्त घाबरला होता.

त्यानं रजा टाकली, चाकण रोडच्या मोठ्या वर्कशॉपात गाडी नेली आणि मशीन लावून गिअरबॉक्समधलं सगळं तेल धुऊन काढायला लावलं. त्याचं नवं तेल लालभडकच निघालं. त्यात कचरा नव्हता, धातूचा कीस नव्हता. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हे का बदलताय?"

त्यानंतर गाडी थांब्यावरून सुळकन निघून गेली. सोजरबाई उजवीकडं सरकून बसली होती. तिनं शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, मग वळून मागच्या काचेतून थांब्याकडं बघू लागली. वळण येईपर्यंत तिनं मान फिरवली नाही.

त्या दिवशी डायलिसिस अर्ध्यावर थांबवावं लागलं. रक्तदाब कोसळला, पायांत गोळे आले. बुद्धरत्न तिचे तळपाय चोळत बसला. ती डोळे मिटून म्हणाली, "एकटीला लई लांब वाटतंय रे."



पुढच्या खेपेला भिंत दिसताच त्यानं वेग कमी केला. थांब्यासमोर गाडी उभी केली, ब्रेकवर पाय ठेवला आणि दांडी स्वतःच्या हातानं न्यूट्रलला आणली.

मागून आई सरकल्याचा आवाज आला.

डावा कोपरा दबला.

त्यानं थोडं थांबून डी टाकला. आरशात पाहिलं नाही. मागून सोजरबाईचा आवाज आला, "आला बग माझा लेक," आणि त्या आवाजात समाधान होतं.

मग तो रिवाजच पडला. आईचं खाणं वाढलं, रिपोर्ट सुधारले. डॉक्टर म्हणाले, "काय करताय हो घरी? चालू ठेवा." बुद्धरत्ननं मान डोलावली. मिनल तर मधूनच आईंना विचारी, "काल आल्या होत्या का त्या?" आणि दोघी एखाद्या शेजारणीबद्दल बोलावं तशा बोलत.

डिसेंबरातल्या एका गार सकाळी सोजरबाईनं मागचं दार उघडलं नाही. ती गाडीला वळसा घालून पुढं आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आज पुढं?"

"मागं दाटी व्हईल," ती म्हणाली आणि पदर डोक्यावरून घेतला.

थांब्यासमोर त्यानं दांडी न्यूट्रलला आणली. इंद्रायणीकडून आलेलं धुकं बाकावरच्या गवतापर्यंत उतरलं होतं.

डावा कोपरा दबला.

मग पुन्हा दबला.

मग मधोमध. मग उजवीकडं, थेट त्याच्या पाठीमागं. पाठीला सीटमधून कुणाचे तरी गुडघे टेकल्याचं जाणवलं. मागच्या वजनानं बॉनेट वर उचललं गेलं आणि समोरचा जवळचा रस्ता दिसेनासा झाला.

"नीट बसा गं बायांनो," सोजरबाई मागं न वळता मायेनं म्हणाली. "सोडतोय माझा लेक समद्यास्नी."

त्यानं डी टाकला. इंजिन कण्हलं. भरलेली गाडी जड, सावकाश हलली.

या वेळी त्यानं आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. पण मागच्या काचा आतून धुरकटत चालल्या होत्या, श्वासांनी धुरकटाव्यात तशा. आणि डाव्या काचेवर, बाहेर बघता यावं एवढी वाफ, गोल गोल, कुणीतरी हळूच पुसत होतं.