नमुना ग्राहक

वन्संच्या शिवणाच्या दुकानासाठी मी बॉट बनवला तो तयार साच्यावरून. सांगाडा कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. आपण दुकानाच्या वेळा, कपड्यांचे प्रकार भरायचे आणि चालू करायचा. गिऱ्हाईक फोनवर लिहिणार, बॉट उत्तर देणार, मापं नोंदवणार.

साच्यात चाचणीपुरता एक नमुना ग्राहक होता. त्या ओळीत मी वन्संचीच मापं घातली, कारण त्या गळ्यात टेप अडकवून समोर उभ्या होत्या. उंची एकसष्ट इंच, बाही एकवीस. चालू करण्याआधी ती ओळ पुसायची असते. माझ्याकडून राहिली.

"वहिनी, हा माझ्यापेक्षा गोड बोलतो गं," वन्सं म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना सवय लागली तर माझी पंचाईत."

आठवड्याने नोंदी चाळताना नमुना ग्राहकाची उंची साठ दिसली. माझाच हात चुकला असेल म्हणून मी एकसष्ट केली. दुसऱ्या दिवशी एकोणसाठ.

मी बॉटला विचारलं, माप कुणी दिलं?

"ग्राहक स्वतः येऊन गेल्या," त्याने लिहिलं. "धन्यवाद."

दुपारी दुकानात गेले. कापडाच्या ठाणांवर ऊन पसरलं होतं, खडूची धूळ त्यात सावकाश तरंगत होती. वन्संच्या बाह्या बोटांवर आल्या होत्या.

"कापड ताणलंय वाटतं," त्या म्हणाल्या.

"जरा सरळ उभ्या राहा, वन्सं."

टेप दोनदा लावला. एकोणसाठ.

"दुखत काहीच नाही गं. उलट हलकं वाटतं. खोल पाण्यात तळ लागत नाही ना, तसं." त्या झोपेतल्यासारखं हसल्या.

डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि टेप बदलायला सांगितला.

मी ओळ पुसली. सकाळी ती जागेवर होती. बॉट बंद केला, दुकानाच्या पानावरून उतरवला. तरी रोज माझ्या फोनवर एक आकडा येई. अठ्ठावन्न. साडेछप्पन्न. चौपन्न.

सकाळचं पोथीचं वाचन पुरं होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. बारा वर्षांचा नेम आहे. त्या सकाळी वन्संचा फोन आला. मी नुसता कानाला लावला.

"वहिनी, ऐकतेस ना? पाय मशीनच्या पायट्याला पोचत नाहीत. आता मात्र भीती वाटते गं."

"आलेच," मी म्हणाले. नेम मोडला.

निघण्याआधी साच्याबरोबरची सूचना शेवटपर्यंत वाचली. ती आधीच वाचायला हवी होती. एकदा बॉट चालू झाला की नमुना ग्राहक बदलता येतो, काढता येत नाही, असं शेवटच्या ओळीत होतं.

कुणाचं नाव घालणार? गिऱ्हाइकांची यादी समोर होती. प्रत्येक नावामागे एक घर होतं.

मी उभी राहिले, स्वतःची मापं घेतली आणि भरली. उंची त्रेसष्ट.

"नवीन ग्राहकाचं स्वागत," बॉटने लिहिलं.

वन्सं महिन्याभरात पूर्ववत झाल्या. दुकान जोरात चालतं. झालं ते त्यांना नीटसं आठवत नाही. तापात पडले होते, म्हणतात.

काल त्यांनी माझ्यासाठी झगा शिवायला घेतला. गुणगुणत टेप काढला, थोड्या वाकल्या. मग, अगदी सहज, माझ्या खांद्यांचं माप घ्यायला गुडघ्यांवर बसल्या.