अनसूयाबाईंचं तिसरं पडणं

महिन्यात तीनदा पडलं की एकट्यानं राहायचा परवाना रद्द, आणि रवानगी थेट सांभाळगृहात. साताऱ्याच्या अनसूयाबाई खटावकरांच्या नावावर तीन पडणी लागली होती, आणि बाई तर ठणठणीत! वय एक्याऐंशी. घर सुटणार या धास्तीनं मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पडल्याचं कळवलं होतं त्यांच्या तोलजोड्यांनी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला हे बूट सरकारकडून मिळत. माणूस कलायच्या आत बुटाचा तळ त्या बाजूला टणक होई आणि तोल सावरी. उठल्यापासून निजेपर्यंत ते पायात ठेवायचे, असं पुस्तिकेत बजावलेलं. त्यामुळे बूट आडवा झाला की माणूस पडला, असा साधा हिशेब.

चौकशीला तोलजोडे घडवणाऱ्या डॉ. बिवलकर स्वतः आल्या आणि दारातच थबकल्या. उंबऱ्याबाहेर अनसूयाबाईंचे जोडे उन्हात आडवे पडले होते.

"हे असे का?"

"अहो, धुतल्यावर वाळवायला नकोत? या महिन्यात तीनदा धुतले."

"मग घरात काय घालता?"

"छे बाई! बाहेरचं पायताण घालून घरात कोण फिरतं? अनवाणीच की!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्या हसतच सुटल्या. एवढ्या तज्ज्ञांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं! पडले होते जोडे, बाई नव्हे. त्यांनी तिथल्या तिथे परवाना कायम केला.

"सुटले गं बाई!" अनसूयाबाईंचे डोळे भरून आले. "आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"पण अनवाणी तोल कसा सावरता?"

"पायाला कळतं ना, फरशी कुठे ओली, कुठे उतरती."

डॉक्टरांनी स्वतःच्या पायांतल्या जोड्यांकडे पाहिलं. तळपायाची जाण वापरली तरच टिकते, हे त्या शिकल्या होत्या. पण चाचणी म्हणून गेली अकरा वर्षं त्या स्वतः तोलजोडे घालून वावरत होत्या, घरीसुद्धा.

"या ना आत. जोडे तेवढे बाहेर हं."

डॉक्टरांनी जोडे काढले, उंबरा ओलांडला, आणि पायाखाली फरशी आहे की नाही तेच त्यांना कळेना. तोल गेला. त्यांनी चौकट घट्ट धरली.

"अगं बाई! धरा माझा हात," अनसूयाबाई लगबगीनं पुढे आल्या. "घाबरू नका, सवकाश. वय काय हो तुमचं?"

त्यांचा हात न सोडता डॉक्टर म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस."