उलाळ टांगा

मोबाइलचा टॉर्च बंद कर रे अपूर्व, डोळ्यांत येतोय. लाइट यायची तेव्हा येईल. आणि नीरजा, तू मधेमधे हसणार असशील तर आत्ताच गच्चीवरून खाली जा. मी थापा मारायला बसलेलो नाही. छत्तीस वर्षं खोपटच्या डेपोत एस्टीची इंजिनं उघडलीत. जे हाताला लागत नाही त्यावर आपला विश्वास नाही. म्हणजे नव्हता.

कुंडलिक पेंटर माझा जुना दोस्त. डेपोच्या मागल्या गल्लीत त्याचा गाळा. ट्रकवर नंबर टाकायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. स्टिकर आले आणि धंदा बसला, पण पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्याची एकुलती एक पोर, प्राची. तिचं लग्न ठरलं दोन हजार चोवीसच्या पंधरा डिसेंबरला, रविवारी. पोरीने बापाकडे एकच गोष्ट मागितली. पाठवणी आजोबांच्या टांग्यातून करायची.

आजोबा म्हणजे कुंडलिकचा बाप, नाथा. कल्याण स्टेशनबाहेर टांगा चालवायचा. एके दिवशी काय झालं कोणास ठाऊक, घोडा विकला, टांगा एका ओळखीच्या गोठ्यात नेऊन सारला आणि मरेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कोणाला हातही लावू द्यायचा नाही. तो गेल्यावर टांगा तसाच धूळ खात पडलेला.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं टेम्पो घेऊन कल्याणला गेलो. गोठ्यातली दोन माणसं मदतीला आली. पुढची बाजू अशी फुलासारखी उचलली गेली, पण मागची बाजू हलेना. चौघांना घाम फुटला. मी म्हटलं, जुनं सागवान आहे, जड असणारच. शहाणा ना मी!

आता एक शब्द लक्षात ठेवा. उलाळ. टांग्याला चाकं दोनच. मागच्या बैठकीवर वजन जास्त झालं की टांगा मागे कलतो आणि पुढच्या दांड्या वर उठतात. त्याला म्हणतात टांगा उलाळ झाला. मग टांगेवाला ओरडायचा, ‘ओ मागच्या बाई, जरा पुढे सरका!’

कुंडलिकने कामाला मनापासून हात घातला. सुताराकडून चाकाचे मोडके आरे बदलून घेतले. दांड्या स्टुलावर टेकवून रंग खरवडायला बसला. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली तांबडा. मूळचा तांबडाच द्यायचा ठरला. भेगांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. रोज दुपारी प्राची डबा घेऊन यायची आणि टांग्याभोवती फिरून बघायची. बापाची छाती फुगायची. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या, ही एकच घरची.

चौथ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर दांड्या छताकडे. टांगा उलाळ.

आत कोणी नाही. कुंडलिकला वाटलं, तोल गेला असेल. त्या रात्री त्याने दांड्यांना वाळूची गोण बांधली. सकाळी गोणीसकट दांड्या वर.

काय म्हणालास, उंदीर? हो, वाळूची गोण उचलणारा उंदीर. तुझ्याच घरी पाळलेला असेल.

गुरुवार आला. बारा डिसेंबर, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. त्या संध्याकाळी कुंडलिकने पंढरीला फोन लावला. पंढरी हा नाथाचा टांगा स्टँडवरचा जोडीदार, आता नव्वदीला टेकलेला. टांगा बाहेर काढल्याचं सांगितलं. म्हातारा म्हणाला, ‘कुंडलिका, तुझ्या बापानं एकट्या मला सांगितलेलं.’

शेवटच्या गाडीने एक बाई उतरलेली. दिवस भरलेली, एकटी. खाडीच्या रस्त्याने माहेरी निघालेली. वाटेतच तिला कळा सुरू झाल्या. आजूबाजूला घर नाही, माणूस नाही. नाथाने टांगा थांबवला. म्हणाला, ‘बाई, बसून राहा. सुईण घेऊन येतो.’

येतो म्हणाला. पायीच निघाला आणि वाटेत घाबरला. बाई आपल्या टांग्यात मेली तर? पोलीस आले तर? घरी गेला आणि कडी लावून घेतली.

पहाटे परत गेला. बाई नव्हती. बैठक रिकामी. पण घोडा तोंडाला फेस येऊन उभा होता आणि दांड्या त्याला वर ओढत होत्या.

बाईचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

रात्री साडेअकरा. कुंडलिक गाळ्यात एकटा. बैठकीच्या मागे पाठ टेकायची फळी असते ना, तिला तांबड्याचा शेवटचा हात नुकताच मारलेला. ओला रंग.

समोर टांगा उलाळ झाला. हळू. दांड्या वर... अजून वर...

पळता आलं असतं त्याला. पण रविवारी त्या बैठकीवर प्राची बसणार होती. त्याने हात जोडले.

‘बाई, माझा बाप परत आला नाही. चूक झाली त्याची. त्याच्या बदली मी पाया पडतो. पण ही बैठक माझ्या पोरीची आहे. तेरवा तिची पाठवणी. उतरा आता... उतरा.’

काही नाही.

बराच वेळ... काहीच नाही.

मग दांड्या खाली आल्या. स्टुलावर टेकल्या. टक्.

फळीवरचा ओला रंग पुसला गेला होता. मधोमध. माणसाच्या पाठीएवढा.

बारा वाजता माझ्या दाराची बेल वाजली. कुंडलिक रडत होता आणि हसतही होता. ‘मधु, उतरली रे! सुटली माझी पोर!’

मी त्याला पाणी दिलं. सगळं ऐकलं. आणि सहज विचारलं, ‘निघताना काही बोललास का तिला?’

‘काय बोलणार? शटर ओढताना...’

तो थांबला. पंधरा दिवस दारोदार पत्रिका वाटत होता बिचारा. जो समोर येईल त्याला एकच वाक्य. जिभेला वळणच पडलेलं.

‘...म्हटलं, या हं लग्नाला.’



टांगा रद्द केला. गाळ्याला कुलूप लावलं, किल्ली मी माझ्याकडे ठेवली. प्राची रुसली, पण तिला सांगणार काय? पाठवणीला मोटार आणली. फुलं लावलेली, आत पांढरीशुभ्र कव्हरं. मी दारापाशीच उभा होतो. प्राची मागे बसली. एकटी. नवरा मुलगा, हितेश, वळसा घालून दुसऱ्या दाराकडे निघाला.

तो अजून पोचला नव्हता.

गाडी मागून दबली. माझ्या डोळ्यांदेखत. पुढचं तोंड वर...

हितेशने दार उघडलं. प्राची आपल्या दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती. अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘तुम्ही पुढे बसा ना. इथे जागा कुठाय?’

नंतर कुंडलिकने विचारलं तर म्हणाली, ‘बाबा, मी असं कधी बोलले?’

बापाने ‘येतो’ म्हटलं आणि गेला नाही. लेकाने ‘या’ म्हटलं. मला कुंडलिकचा राग येत नाही रे, कीव येते. आता प्राचीला सातवा लागलाय. पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी यायचीय. तिला आणायला मी जावं म्हणतो कुंडलिक. त्याला गाडीचं दार उघडायची हिंमत होत नाही.

लग्नाच्या रात्री ड्रायव्हरने मागच्या सीटचं कव्हर काढून कुंडलिकच्या अंगावर फेकलेलं, खराब केलंत म्हणून. ते मी घरी आणलं. माळ्यावर आहे. पांढऱ्या कापडावर, प्राचीच्या शेजारच्या जागी, पाठीएवढा तांबडा ऑइलपेंट.

वर्ष झालं. काल रात्री बोट लावून बघितलं. अजून ओला आहे.